सोड्यांचा डबा, सात माणसं आणि गुंड्या: एका फॅमिली फोटोचं प्रकरण

हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण यात चूक माझी होती, आणि ती नेमकी कुठे झाली हे कळायला मला चार दिवस लागले. ठाण्यात नौपाड्याला माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे, पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही (हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे). पाळीव प्राण्यांसकट फॅमिली फोटो हे काम आता महिन्यातून दोन-तीनदा तरी येतंच, आणि मला वाटायचं की यातलं आपल्याला बऱ्यापैकी कळतं. त्या घरच्यांनी लिहायला हो म्हटलंय, फक्त आमची नावं नकोत म्हणाले, म्हणून माणसांची नावं नाहीत. कुत्र्याचं नाव मात्र खरं आहे, गुंड्या, त्याची काही हरकत नसावी.

घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या अलीकडे राहणारं कुटुंब. आजी-आजोबा, बाहेरगावी असलेला मुलगा, सून, सहा वर्षांची नात, आणि ठाण्यातच दिलेली मुलगी आणि जावई, असे सात. शिवाय गुंड्या, बारा वर्षांचा काळा लॅब्राडोर, आणि मनी नावाची एक मांजर जी अधूनमधून या घरची असते. गुंड्याला मुलीने कॉलेजात असताना आणलेला, तिचं लग्न झालं, कुत्रा आई-बाबांकडेच राहिला, हे आपल्याकडे घरोघरी. मुलगा मे महिन्यात दोन आठवड्यांसाठी आला होता आणि लॅब्राडोर साधारण दहा-बारा वर्षं जगतो हे सगळ्यांना माहीत होतं, कोणी बोलत नव्हतं एवढंच. मुलगी मला फोनवर म्हणाली, "दादा, आमच्याकडे त्याचा एकही धड फोटो नाहीये, एकतर काळा डाग दिसतो नाहीतर हिरवे डोळे."

हिरव्या डोळ्यांचं कारण सोपं आहे, कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला एक चकाकणारा थर असतो, अंधारात जास्त दिसावं म्हणून, आणि मोबाईलचा फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असल्यामुळे तो उजेड त्या थरावर आपटून सरळ परत येतो. काळा डाग हा वेगळा त्रास, त्यावर पुढे बोलू.

जागेवरून आधी अर्धा तास चर्चा झाली. मुलाला येऊरला करायचं होतं, झाडं वगैरे, लहानपणच्या आठवणी. मी सरळ नाही म्हणालो. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे बिबटे आहेत, आणि राष्ट्रीय उद्यानात कुत्रा घेऊन जायचं नसतं, लोक नेतात ते सोडा. मग तलावपाळी, तर रविवारी संध्याकाळी मासुंद्याच्या काठावर उभं राहायला जागा मिळत नाही, सात माणसं आणि कुत्रा कुठे बसवणार? मग मीच म्हटलं की स्टुडिओत या, एसी आहे, लाइट माझ्या हातात आहे, तासाभरात मोकळे. हा माझा सल्ला होता हे इथे लिहून ठेवतो.

रविवार, दुपारचे तीन. घोडबंदरवर मेट्रोच्या कामाची कृपा, पन्नास मिनिटं गाडीत. गोखले रोडच्या आसपास पार्किंग नाही, म्हणून दोन गल्ल्या सोडून गाडी लावली आणि तापलेल्या डांबरावरून गुंड्याला चालवत आणला. जिन्यापाशी तो बसलाच. मागचे पाय गेलेत त्याचे, मग मुलगा आणि जावई यांनी त्याला चादरीच्या झोळीत घालून वर आणला, पस्तीस किलोचा ऐवज, दोघं घामाघूम, आणि दोघांच्याही पांढऱ्या कुडत्यांवर काळे केस. हो, सगळे पांढऱ्यात आले होते. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरलं होतं आणि मला विचारलं तेव्हा मी "छान दिसेल" म्हणालो होतो. काळा कुत्रा आणि सहा पांढरे कुडते एका फ्रेममध्ये म्हणजे काय, तर कुत्र्याच्या केसांत डिटेल आणायला जाल तर कपडे नुसते पांढरेफटक होतात आणि कपडे वाचवाल तर कुत्र्याच्या जागी भोक पडतं. आजी तेवढ्या शहाण्या, त्या जांभळ्या साडीत होत्या.

पुढची पन्नास मिनिटं मी २१२ फ्रेम मारल्या. खाली कागदाचा बॅकड्रॉप, गुळगुळीत, त्यावर गुंड्याचे मागचे पाय फाकत होते, त्याला बसवला की तो सरकायचा आणि सरकला की उठायला बघायचा. मी फ्लॅशचा बीप आवर्जून बंद केला होता, कारण कुत्र्याला आपल्यापेक्षा खूप वरचे आवाज ऐकू येतात, आपलं २० हजार हर्ट्झला संपतं, त्यांचं साधारण ४५ हजारापर्यंत जातं. मग पिशवीतून पिपाणीवालं खेळणं काढलं, जे शंभरातल्या नव्वद कुत्र्यांवर चालतं, पिप्प केलं की कान टवकारून मान तिरकी. गुंड्याने बघितलंच नाही. परत पिप्प. काही नाही. मी मांजराचा आवाज काढला, कोंबडीचा काढला, नात हसून हसून लोळली, आणि मग सातही जण एका सुरात "गुंड्या, ए गुंड्या, इकडे बघ, गुंड्याऽऽ" सुरू झाले. आजोबा चिडले, "हल्ली ऐकतच नाही हा, माजलाय." मनी तिकडे तिच्या बास्केटमधून वेगळ्या पट्टीत ओरडत होती. तिला बाहेर काढायची हिंमत कोणी केली नाही, एवढी एक गोष्ट त्या दिवशी बरोबर झाली.

रात्री फोटो कॉम्प्युटरवर टाकले तर बहुतेक फ्रेममध्ये सगळ्यांची तोंडं उघडी, कारण सगळे कुत्र्याला हाका मारतायत, आणि नजरा खाली. कुत्रा प्रत्येक फ्रेममध्ये वेगळीकडे. आता अशा वेळी आम्ही लोक काय करतो ते सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. कॅमेरा स्टँडवर असला की आजीचा चेहरा ४० नंबरच्या फ्रेममधून, मुलाचा ११८ मधून, कुत्रा १९० मधून असं करून एक फोटो जुळवतात. मी तसाच जुळवला, तीन तास बसलो, सोमवारी पाठवला. मुलगा म्हणाला मस्त. सून म्हणाली मस्त. संध्याकाळी आजींचा फोन आला.

"फोटो छान आहे रे, पण हा गुंड्या नाहीये."

मी म्हटलं काकू, तोच आहे.

"तोच आहे, पण तो असा बसत नाही. तो उजवी तंगडी बाहेर टाकून बसतो. हा पोलिसातल्या कुत्र्यासारखा बसलाय. आणि तू चिकटवलायस ना त्याला?"

चिकटवला होताच. तो ज्या फ्रेममधून घेतला ती जावयाने त्याला मागून धरून सरळ बसवल्याची होती, मग मी जावयाचे हात पुसले होते. पैसे परत करतो म्हणालो, त्या म्हणाल्या पैशाचं काही नाही रे, पण भिंतीवर हा नको. फोन ठेवल्यावर पहिल्यांदा राग आला, खरं सांगतो. तीन तास बसलो होतो.

मग त्या २१२ फ्रेम परत काढल्या आणि यावेळी फक्त गुंड्याकडे बघत एकेक पुढे केली. आणि लाज वाटली. नाक चाटतोय, पुढच्या फ्रेममध्ये परत नाक चाटतोय, मग जांभई, मग मान एकीकडे वळवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतोय आणि पांढरं दिसतंय, मग परत जांभई. झोप आलेल्या कुत्र्याची जांभई नव्हे ती, ताण आलेल्याची. हे मला माहीत आहे, दुसऱ्याच्या कुत्र्याच्या बाबतीत मी लोकांना समजावतो सुद्धा. पण त्या दिवशी मी "बघा बघा हसतोय" म्हणालो होतो, मला आठवतंय. जीभ बाहेर, तोंड उघडं, कोपरे मागे ओढलेले, ते हसू नव्हतं, तो धापा टाकत होता. जिना, ऊन, घसरडी जमीन आणि समोर आठ माणसं ओरडतायत.

पण पिपाणीला बघितलं का नाही, हे तरीही सुटत नव्हतं. घाबरलेला कुत्रा तर आवाजाला जास्तच दचकतो.

बुधवारी त्यांच्या घरी गेलो, कॅमेरा न घेता, नुसता चहाला. बेल वाजवली. आतून पावलं आली ती आजींची. गुंड्या हॉलमध्ये सोफ्याच्या टोकाशी आडवा होता, उठला नाही, शेपूट नाही, काही नाही. लॅब्राडोर आणि बेलला भुंकत नाही? मी त्याच्या मागे जाऊन हळूच टाळी वाजवली. काही नाही. जरा जोरात वाजवली, आजी स्वयंपाकघरातून डोकावल्या, गुंड्या तसाच. मग मी लादीवर टाच आपटली, आवाज टाळीपेक्षा कमीच असेल, पण त्याने एकदम मान वर केली आणि माझ्या पायाकडे बघितलं.

मी म्हटलं, "काकू, याला ऐकू येतं का हो?"

"येतं की. ऐकत नाही ते वेगळं. म्हातारपणी हट्टी झालाय, अगदी यांच्यासारखा."

आजोबांचं कानाचं मशीन टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये असतं, हे त्या चहाच्या वेळात मला तीनदा सांगण्यात आलं.

मुलीने दुसऱ्या दिवशी गुंड्याला डॉक्टरकडे नेलं. वयाने कान गेलेत, दोन्ही, बरेच, आणि यात बऱ्याचदा वरचे आवाज आधी जातात. म्हणजे मी बीप बंद केला कोणासाठी आणि पिपाणी वाजवली कोणासाठी. डोळ्यांत निळसर झाक होती त्याची सगळ्यांना धास्ती होती, तो मोतीबिंदू नव्हता, म्हातारपणी लेन्स घट्ट होत गेली की तशी झाक येते आणि त्यातून कुत्र्याला दिसतं बऱ्यापैकी. आजोबांना मुलीने हे सांगितलं तेव्हा मी नव्हतो, पण नंतर आजींनी सांगितलं की ते काही बोलले नाहीत, संध्याकाळी गुंड्याला फिरायला न्यायचं होतं तेव्हा लांबून हाक मारली नाही, उठून त्याच्यापर्यंत गेले आणि पाठीवर हात ठेवला.

आता फोटो. मुलाची परतीची फ्लाइट सोमवारी पहाटे, म्हणजे शनिवार संध्याकाळ एवढीच हातात. यावेळी मी आजींना फक्त एक प्रश्न विचारला, गुंड्या दिवसभरात कधी काय करतो. दुपारी झोपतो, पाचच्या सुमारास उठून पाणी पितो, मग आजोबांचा चहा होईपर्यंत सोफ्याच्या डाव्या टोकाला त्यांच्या पायाशी पडतो, तंगडी बाहेर, आणि बिस्किटाची वाट बघतो. रोज. ठरलं मग, फोटो तिथेच आणि तेव्हाच. त्यांची गॅलरी पूर्वेला आहे, त्यामुळे संध्याकाळी ऊन नाही, पण मोकळ्या आभाळाचा मऊ उजेड एका बाजूने आत येतो. काळ्या कुत्र्याला हाच उजेड हवा. समोरून फ्लॅश मारला की काळं ते काळंच राहतं, बाजूने उजेड आला की केसांवर चमक येते, बरगड्या, खांदा, थोबाडावरचे पिकलेले केस, सगळं वेगवेगळं दिसतं. घरातल्या ट्यूबलाइट बंद केल्या कारण दोन रंगांचे उजेड एकत्र आले की चेहरे आजारी दिसतात. दुसऱ्या बाजूला आजींचीच पांढरी चादर खुर्च्यांवर टाकली, उजेड परत फेकायला. कपडे यावेळी मी सांगितले: राखाडी, मातकट, गडद हिरवा, जे घरात असेल ते, फक्त पांढरं आणि काळं नको. आजींनी इरकल नेसली.

आणि खाली मॅट. योगाची असते तसली रबरी, सोफ्याच्या कापडाच्या रंगाच्या जवळची, गुंड्याच्या नेहमीच्या जागेवर टाकून आदल्या दिवशीच ठेवायला दिली, म्हणजे त्याचा वास लागेल तिला. मॅट आली तसा तो उठताना घसरायचा बंद झाला, आजी म्हणाल्या.

कॅमेरा स्टँडवर, जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांवर, कुत्रा आणि सोफ्यावर बसलेली माणसं यांच्या मधली उंची. मुलगा आणि जावई उभे राहणार होते, त्यांना खालीच बसवलं, मांडी घालून, नाहीतर गुंड्या विहिरीत पडल्यासारखा दिसतो. माझ्या कॅमेऱ्यात आपोआप फोकस लावायला माणसाचा डोळा शोध किंवा प्राण्याचा शोध, दोन्हीपैकी एकच निवडता येतं, म्हणून ती भानगडच बंद केली आणि फोकस हाताने लावला. ५० मिलिमीटरची लेन्स, तीन मीटर अंतर, एफ ५.६ (लेन्सचं तोंड किती उघडं ठेवायचं तो आकडा) ठेवलं की साधारण सव्वा मीटर खोलीचं सगळं शार्प येतं, त्या सव्वा मीटरमध्ये आठही जीव बसवले. शटर सेकंदाचा अडीचशेवा भाग, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) २०००. एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यावा ते, आजींच्या चेहऱ्यावरून हाताने ठरवलं कारण कॅमेऱ्यावर सोडलं तर तो काळा कुत्रा बघून सगळंच उजळवायला जातो.

राहिला प्रश्न बघायला कसं लावायचं. हाका नाहीत, पिपाणी नाही. टाच आपटली तर बघतो पण पायाकडे बघतो, आणि जरा दचकतो पण, ते नको. आजींना विचारलं याला सगळ्यात काय आवडतं. क्षणाचाही विलंब नाही: "सोडे." सुकवलेली सोललेली कोळंबी, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, कारण डबा उघडला की वास वरच्या मजल्यापर्यंत जातो. गुंड्याचे कान गेले, नाक कुठे गेलं होतं!

शेजारच्या काकूंना बोलावलं, माझ्या मागे स्टुलावर बसवलं, मांडीवर डबा, आणि सांगितलं की मी हात वर केला की झाकण उघडायचं, लगेच बंद करायचं. बाकी कोणी कुत्र्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही, तुम्ही फक्त काकूंकडे बघा. (नातीला आतल्या खोलीतून शिऱ्याची वाटी आणताना बघितली ती आधी काढून घेतली, त्यात बेदाणे होते, द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याच्या किडन्या जाऊ शकतात, हे अजून बऱ्याच घरांत माहीत नसतं.)

सव्वापाच. आजोबांना खरोखरचा चहा दिला. गुंड्या आला, मॅटवर फतकल मारली, उजवी तंगडी बाहेर. पाच मिनिटं मी काहीच केलं नाही, नुसत्या दोन-चार फ्रेम मारल्या, शटरच्या आवाजाची माणसांनाच सवय व्हावी म्हणून. मग हात वर केला.

झाकण उघडल्यावर दोन सेकंद काही नाही. मग आधी त्याचं नाक हललं, नुसतं नाक, ओलं, डावीकडून उजवीकडे, मग कपाळावर आठ्या, मग कान पुढे आले, आणि मग ते म्हातारं डोकं हळूहळू वर उठलं आणि त्याने सरळ, थेट, लेन्सच्या किंचित वरून काकूंच्या मांडीकडे बघितलं. आणि सोड्यांचा वास माणसांनाही आलाच, जावई नाक मुरडायला लागला, त्याच्याकडे बघून मुलगी हसली, नात "ईऽऽ" म्हणाली, आजोबा चहाचा कप हातात तसाच धरून गुंड्याकडे बघत राहिले. सांगितलं होतं बघू नका, पण बरं झालं. नऊ फ्रेम मिळाल्या. डबा बंद.

दुसऱ्यांदा उघडला तेव्हा मनी आली. ती दिवसभर कुठे होती देव जाणे, शोकेसवरून की कुठून ती उतरली आणि शेपूट सरळ उभी करून सोफ्याच्या पाठीवरून चालत गेली, बरोबर आजींच्या गालाला घासून. तिसऱ्यांदा उघडला तर गुंड्याने मान वर केली, बघितलं, आणि परत खाली टाकली. दाखवतात, देत नाहीत, हे त्याला समजलं होतं. मी तिथेच थांबवलं, काकूंनी त्याला एक सोडा दिला, एकच. एकूण ६४ फ्रेम, पंचवीस मिनिटं.

पहिल्या नऊमधली एक निवडली, फक्त तिच्यात नातीचे डोळे मिटलेले होते. आजींना विचारलं, शेजारच्या फ्रेममधले डोळे लावू का? त्या म्हणाल्या, "तिचे लाव. गुंड्याला हात लावायचा नाही." त्याच्या डोळ्यांतली निळी झाक पण तशीच ठेवली, एरवी मी ती थोडी कमी केली असती.

माझी फाइल ६००० बाय ४००० ची, १६ बाय २४ इंचाची प्रिंट काढली की इंचाला २५० पिक्सेल, भिंतीवर टांगायला भरपूर. मुलाने त्या स्वच्छ फ्रेमची प्रिंट नेली, फ्लाइटमध्ये नेता यावी म्हणून गुंडाळून. आजींनी मात्र दुसरी घेतली, मनीची शेपूट असलेली, ज्यात त्यांचा अर्धा चेहरा शेपटीआड आहे आणि शेपूट हललेली आहे. मी म्हटलं काकू, तुमचा चेहरा दिसत नाहीये. त्या म्हणाल्या, "मी रोज दिसतेच की."

स्टुडिओच्या दिवसाचे पैसे मी लावले नाहीत, त्यांनी द्यायचा खूप प्रयत्न केला. आता कोणी म्हातारा कुत्रा घेऊन येतो म्हणालं की आधी जिना किती पायऱ्यांचा ते मीच सांगतो, आणि बऱ्याचदा मग मीच जातो. फ्रेम लावायला गेलो तेव्हा मॅट परत घ्यायची होती, साडेसातशेची आहे, चांगली आहे. पण गुंड्या तिच्यावर झोपला होता, त्याला हाक मारून उपयोग नव्हता, आणि आजोबा म्हणाले थांब, चहा होईपर्यंत उठेल. चहा झाला, तो उठला नाही, मॅट तिथेच आहे.